निरोगी म्हणून ठेवलेली वेल

काचघराच्या दाराशी मोठ्या कुंडीत पांढऱ्या द्राक्षाची एक वेल होती. प्रयोगशाळेत तिला सगळे राणी म्हणत आणि तिची बडदास्तही तशीच ठेवत. हात धुतल्याशिवाय तिच्याजवळ जायचं नाही, बागेतून आलेल्या माणसाने तर तिकडे फिरकायचंच नाही. कारण साऱ्या चाचण्या तिच्या भरवशावर चालत. बागायतदारांनी पाठवलेल्या पानांच्या देठांचा रस काढायचा, प्लास्टिकच्या ताटलीतल्या बारीक खळग्यांत तो टाकायचा आणि वर औषध घालायचं. विषाणू असला की खळगा पिवळा होतो. पण किती पिवळा झाला म्हणजे वेल आजारी म्हणायची? त्यासाठी एका खळग्यात राणीचा रस असे. राणी निरोगी. तिच्या तिप्पट पिवळं ते रोगट, त्याखालचं ठीक. राणीचा खळगाही किंचित पिवळट दिसायचा, पण तो तिच्या रसाचाच रंग, असं सगळे धरून चालले होते.

हे काम करणाऱ्या बाईला घरी चिमी म्हणत. केस पिकायला लागले तरी थोरल्या बहिणीच्या तोंडी चिमीच. विषाणू ओळखण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिने निरोगी म्हटलं की रोपवाटिकावाले डोळे मिटून त्या वेलीच्या काड्या घेत आणि कलमं बांधत. ताईची लाल द्राक्षांची नवी बाग अशाच कलमांची होती.

ती बाग मात्र धड नव्हती. हंगाम सरत आला की पानं लाल व्हायची, शिरा तेवढ्या हिरव्या राहायच्या, कडा खाली मुडपायच्या. घडांत साखर म्हणून भरायची नाही. ताईने पानं पाठवली, चिमीने तपासली. खळगा राणीच्या दुपटीने पिवळा झाला, पण तिप्पट काही झाला नाही.

"विषाणू नाहीये," तिने फोनवर सांगितलं. "मॅग्नेशियम कमी पडतंय. आणि पाण्याकडे जरा लक्ष द्या."

मग प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं. त्याला रंगाशी कर्तव्य नव्हतं. रसात विषाणूचा कण जरी असला तरी त्याच्या प्रतींवर प्रती काढून ते पडद्यावर रेघ उमटवायचं. विषाणू नसेल तर रेघ आडवी झोपून राहायची, असेल तर वर चढायची. यंत्र चालवायला लंबू नावाचा सहकारी होता, कपाटावरच्या वस्तू काढण्यापासून सगळ्यांच्या थट्टेपर्यंत प्रत्येक कामाला तयार. यंत्र नीट चालतंय का हे पाहायला सगळ्यात खात्रीचा नमुना हवा, म्हणून चिमीने त्याला राणीचा देठ दिला.

जेवून ती परत आली तेव्हा रेघ वर चढत होती.

"राणीला सर्दी झालेली दिसतेय," लंबू म्हणाला.

चिमीला हसू आलं. "तुझ्याच हाताला काहीतरी लागलं असेल. सरक, मी लावते."

तिने हातमोजे बदलले, औषधाची नवी बाटली फोडली, काचघरात जाऊन स्वतः ताजं पान खुडलं. शेजारी नुसत्या पाण्याचाही नमुना लावला. पाण्याची रेघ आडवी राहिली. राणीची चढली. मग तिने जुन्या काडीची साल खरवडून तिसऱ्यांदा लावून पाहिलं. आता लंबू थट्टा करत नव्हता. रेघ दोघांच्या डोळ्यांदेखत पुन्हा वर गेली.

चिमी स्टुलावर बसली ती बसलीच. राणी आजारी. मग तिच्या तिप्पट म्हणजे काय? आजाऱ्याहून तिपटीने आजारी असेल त्यालाच आपण आजारी म्हणत आलो, आणि बाकीच्या साऱ्यांना पाठ थोपटून घरी धाडलं. आजवर गेलेला एकेक निकाल तिला आठवायला लागला.

"ताईची पानं," ती एकदम उठून म्हणाली.

ते देठ अजून बर्फाच्या कपाटात होते. पिशवी काढताना बोटं गारठून बधिर झाली, तरी तिला ते कळलं नाही. ताईच्या वेलींची रेघ राणीच्याही आधी उसळली, म्हणजे विषाणू राणीहूनही जास्त. ज्या वेलीच्या काड्या ताईच्या कलमांना लागल्या होत्या, तिच्या जपून ठेवलेल्या देठाचीही तीच गत. त्या वेलीला निरोगी ठरवणारी चिमीच होती.

प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणत, त्यांनी ही राणी तरुणपणी एका जुन्या बागेतून स्वतः निवडून आणली होती. चिमीचं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "यंत्र चुकतंय."

"मलाही तसंच वाटलं, सर. तीनदा लावलं."

"पुन्हा लाव. माझ्यासमोर."

तिने पुन्हा लावलं. सर खुर्चीवर बसायला तयार होईनात. रेघ वर गेली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, परत काढला.

"हिचं एक पान कधी वाकडं झालं नाही गं," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटतच नव्हता.

"पांढऱ्या जातीत पुष्कळदा काहीच दिसत नाही, सर."

"ते मीच तुम्हाला शिकवलंय." ते काचेपलीकडच्या हिरव्यागार वेलीकडे वळले. मग म्हणाले, "ज्यांना ज्यांना निरोगी म्हणून सांगितलं, त्या सगळ्यांना कळवायचं. फोन मी करतो. वेल मी आणली होती."

"चाचण्या मी केल्यात."

"मग निम्मे तू कर."

ताईला मात्र फोनवर सांगायचा तिला धीर होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी ती थेट बागेत गेली. ताई कंबरेला कात्री अडकवून वेलींच्या फांद्या तारेला बांधत होती, पलीकडच्या ओळीत भावजी पाण्याची नळी तपासत होते.

"अगं, न सांगता-सवरता कशी आलीस? घरी सगळं ठीक ना?"

"घरी ठीक आहे. ताई, तुझ्या वेलींना विषाणू आहे. पहिल्यापासून आहे. मी नाही म्हणाले ते चुकीचं होतं."

ताईच्या हातातली फांदी तशीच राहिली. चिमीने सगळं सांगितलं, राणीचं, तिपटीचं, नव्या यंत्राचं. ताई उपड्या ठेवलेल्या क्रेटवर बसली.

"म्हणजे औषध काय घालायचं आता?"

"औषध नाही याला. वेल काढावी लागते. नाहीतर पिठ्या ढेकूण नावाची कीड तो रोग शेजारच्या वेलींवर नेतो."

"कितीतरी वेळा विचारलं मी तुला," ताई म्हणाली. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती बघत होती, जणू समोर कोणी अनोळखी बाई उभी आहे. "आणि मी यांना घालूनपाडून बोलत राहिले. पाणी वेळेवर देत नाही, लक्ष नाही म्हणून. जेवताना, झोपताना, उठताबसता."

भावजी तारेखालून वाकून जवळ आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हातातली नळी खाली ठेवून ते म्हणाले, "म्हणजे माझं पाणी बरोबर होतं?"

"बरोबर होतं, भावजी."

ते मान हलवत राहिले. चेहऱ्यावर हसू येतंय की रडू, हे त्यांचं त्यांनाही कळत नसावं. ताईने त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. चिमीला तिथे उभं राहणं जड झालं, पण तिथून पाय निघेना.

त्या आठवड्यात सर आणि ती दोन टेबलांवर समोरासमोर बसून फोन करत राहिले. एका रोपवाटिकावाल्याने सरांना वाट्टेल ते सुनावलं. सर फोन कानाला धरून सगळं ऐकत राहिले, मध्ये एकदाच "खरं आहे तुमचं" म्हणाले. काही जणांचा विश्वासच बसेना. एक म्हातारा बागायतदार चिमीला उलट समजावत होता की बाई, तुम्ही चुकत नाही, यंत्राचंच काहीतरी असेल. त्या फोननंतर ती उठून बाहेर जाऊन आली.

राणीला सरांनी स्वतः मुळासकट उपटलं. ती जाळून होईपर्यंत ते भट्टीपाशी उभे होते.

ताईच्या बागेत प्रत्येक वेल नव्या यंत्राने तपासली. खालच्या अंगाचे काही पट्टे वाचले, बाकीचे काढायचे ठरले. उपटणीच्या दिवशी चिमी सुट्टी टाकून गेली. ताई सकाळभर तिच्याशी बोलली नाही. दोघी मिळून तारा सोडवत होत्या, भावजी खुंटांना साखळी लावून ट्रॅक्टरने ओढत होते. एकेक खुंट मुळांसकट बाहेर येताना कडकड आवाज व्हायचा आणि ताई मान वळवायची.

दुपारी सावलीत बसल्यावर ताईने पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

"हे जे पट्टे ठेवलेत, ते नक्की चांगले आहेत?"

"आज तरी आहेत. पुढच्या हंगामात परत बघायचे."

"यापुढे तू हो म्हणालीस तरी मी विचारणार आहे, कशावरून म्हणून."

"विचार," चिमी म्हणाली.

ताईने कंबरेची कात्री काढून तिच्यापुढे धरली. "चल, दाखव मला. देठ कुठून कापायचा, कसा पाठवायचा, सगळं. आणि सावकाश सांग, तुझ्या प्रयोगशाळेच्या भाषेत नको."

चिमीने पाणी संपवलं आणि ती बहिणीबरोबर शिल्लक राहिलेल्या पट्ट्यांकडे निघाली.