टेकडीवरून माणसं मोजणारी

मी दुर्बीण बोलतेय. सांगते ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, महाकाळाची आण. आता डोळ्यांदेखत म्हणजे एकाच डोळ्यादेखत, कारण दुसऱ्या नळीतली काच वाघाच्या शिकारीत फुटली. बरं, वाघ नव्हता, म्हैस होती. आणि शिकारही नव्हती, फ्रीगंजच्या भंगारवाल्यानं मला हातातून पाडलं होतं.

त्याच्याकडून मला प्रभाकरनं उचललं. कचेरीतली पक्की नोकरी सोडून त्यानं ब्याण्णव साली टेकडीवरच्या एका गावात खानावळ काढली होती. त्या दिवसांत जो तो काहीतरी काढतच होता. ओसरीवर चार बाकं, आत चुलीपाशी त्याची बायको अलका, आणि जेवायला दाल-बाफला.

बाफल्याला घाई चालत नाही. कणकेचा गोळा आधी उकळत्या पाण्यात, मग गोवऱ्यांच्या विस्तवात, मग तुपात. म्हणून नानाखेड्याहून येणारी बस पायथ्याशी थांबली की प्रभाकर मला डोळ्याला लावायचा आणि आत हाक द्यायचा, "अलका, सात जण. एक पोटवाला आहे, आठ धर."

पाहुणे धापा टाकत वर येईपर्यंत पानं तयार. "आम्ही येणार हे कसं कळलं?" असं कुणी विचारलं, तर प्रभाकर गंभीरपणे म्हणायचा, "वास आला." एकदा त्यानं माणसांबरोबर अकरा बकऱ्याही मोजल्या. त्या दिवशी सगळं गाव तुपात जेवलं.

फक्त त्याचा थोरला भाऊ श्रीधर कधी आला नाही. तो खाली शहरात, माधव नगरात राहायचा, बँकेत होता. खानावळ काढली त्याच दिवशी त्यानं सुनावलं होतं, "आपल्या घरात पानं वाढतात, विकत नाहीत. तुझ्या हॉटेलातला घास माझ्या तोंडात जाणार नाही." त्यावर दोन दिवाळ्या गेल्या. प्रत्येक बसला प्रभाकर मला जरा जास्तच वेळ डोळ्यावर धरायचा.

चौऱ्याण्णवच्या चैत्रात एका दुपारी त्यानं "चार" म्हटलं, पण मला डोळ्यावरून उतरवलं नाही. अलका हात पुसत आली, तिनं मला ओढून घेतलं.

"अहो, पाचवे भाऊजी आहेत."

"मोजू नकोस त्याला."

"गिनती तुमची, चूल माझी. किती खातात ते सांगा."

"मागतो दोन," प्रभाकर तिच्याकडे न बघता म्हणाला, "खातो तीन."

श्रीधर अर्ध्या वाटेवर कडुनिंबाखाली बसला. बूट काढले. बाकीचे चौघे वर येऊन जेवायला बसले, तरी तो तिथंच. प्रभाकर एका हातानं वाढत होता, दुसऱ्या हातात मी.

मग श्रीधर उठला, वर आला, शेवटच्या बाकावर बसला आणि पिशवीतून डबा काढला. पोळी आणि भेंडी.

"मी शपथ घेतलीय," तो म्हणाला.

"मग शपथच खा. पोट भरेल."

"जीभ सुधारली नाही तुझी."

"दे तो डबा इकडे. मी तो खातो, तू माझं पान जेव. यात विकणं कुठं आलं? अदलाबदल आहे."

श्रीधरनं बँकवाल्यासारखा विचार केला. "हे नियमात बसतं," म्हणाला आणि तीन बाफले जेवला. वर म्हणे, "वरणात गूळ जास्त झालाय."

पुढे पक्की सडक झाली. लोक मारुतीतून थेट ओसरीपाशी उतरू लागले, निघण्याआधी फोनवरून किती जण ते सांगू लागले. मी खुंटीला गेले. आता माझ्या फुटक्या नळीत गांधीलमाशीनं घर केलंय. तिला मी हीच हकिकत सांगते.

पण तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत, म्हणून तुमच्यापाशी कबूल करते. कडुनिंबापासून पुढचं मी रचलंय. श्रीधर तिथं बराच वेळ बसला, मग बूट घातले आणि खाली उतरला. परतीची बस येईपर्यंत प्रभाकरनं मला डोळ्यावरून काढलं नाही. काच ओली झाली, मलाही पुढचं दिसेना.

तीन बाफले मात्र खरे. अलकानं ते तुपात घातले, झाकून ठेवले, आणि त्या दिवशी कुणालाच वाढले नाहीत.