ओठांवरचं बोलणं

जयश्रीला एका जागी बसवत नव्हतं. नवागामच्या समाजवाडीच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी खिडक्यांना चादरी लावून तिचा सिनेमा चालू होता आणि ती तिसऱ्यांदा दारापर्यंत जाऊन परत आली होती. पाऊण तासाचा सिनेमा, तिनं आपल्या सुट्टीच्या दिवसांत मोबाइलवर काढलेला. त्यात काम केलं होतं तिच्या वडिलांनी, निंबाआप्पांनी, आणि त्यांच्या लूमच्या खात्यातल्या, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यातल्या, कारीगरांनी. पुण्याच्या एका महोत्सवात लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. पण ज्यांच्यावर तो होता, ती माणसं आज पहिल्यांदा बघत होती.

पुण्यात एका प्रसंगाचं फार कौतुक झालं होतं. दोन लूमांच्या मध्ये उभे राहून आप्पा आणि शेजारच्या लूमवरचा विठ्ठल बोलतात, पण खडखडाटात एक शब्द ऐकू येत नाही. जयश्रीनं त्यांना एवढंच सांगितलं होतं, "काहीही बोला, ऐकू येणारच नाही."

तो प्रसंग आला आणि सगळी वाडी खो खो हसायला लागली.

यात हसण्यासारखं काय आहे, ते जयश्रीला समजेना. शेजारी रंजनाबाई बसल्या होत्या, वीस वर्षं लूमवर काढलेल्या. "काय झालं?" जयश्रीनं विचारलं.

"अगं, तुझा बाप म्हणतोय, पोरीनं सकाळपासून चहासुद्धा पाजला नाही!"

"तुम्हाला ऐकू आलं?"

"ऐकायला कशाला पाहिजे? खात्यात आम्ही ओठच वाचतो."

तेवढ्यात हसणं एकदम थांबलं. पडद्यावर आप्पा विठ्ठलकडे वाकले होते. रंजनाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"आता काय म्हणाले?" जयश्रीनं विचारलं.

रंजनाबाई हळूच आप्पांच्याच अहिराणीत बोलल्या, "मना उजवा कान पुरा गया. शेठले सांगू नको. घर भी सांगू नको."

हा प्रसंग जोडताना जयश्रीनं शंभरदा पाहिला होता. आणि आप्पा टीव्ही मोठा लावतात म्हणून रोज त्यांच्यावर ओरडतही होती.

तिसऱ्या रांगेत खात्यात शेठच्या वतीनं कामावर देखरेख करणारे आनंदा मास्तर बसले होते. जयश्री धावत गेली आणि तिनं सिनेमा बंद केला. गलका झाला. आप्पा उठून आले.

"बंद का केला?"

"मास्तर बसलेत, आप्पा."

"त्यानं वाचायचं ते वाचलं. लोक बसलेत, पुढचं दाखव."

तिनं दाखवला. टाळ्या थोड्याच पडल्या, पण घरी कुणी जाईना. आपापला कान दाखवत माणसं आप्पांभोवती जमली. मास्तर मात्र निघून गेले.

मंगळवारी त्यांनी आप्पांना लूमवरून काढून साड्यांच्या घड्या घालायला बसवलं. तिथं खडखडाट नाही, पण पगार कमी. सगळी हयात लूमवर गेलेला माणूस! दोन दिवस आप्पा लेकीशी बोलले नाहीत; ती कानाच्या डॉक्टरकडे चला म्हणायची, ते तोंड फिरवायचे. आपण त्यांचं भलं केलं की वाटोळं, हे तिला कळेना.

गुरुवारी सकाळी ते दारात उभे राहिले. मागे विठ्ठल आणि आणखी एक कारीगर.

"कानाच्या डॉक्टरकडे चला म्हणत होतीस ना? यांनाही यायचंय."

चौघं निघाले. रस्त्याला लागल्यावर, बोललेलं ऐकू यावं म्हणून कुणाच्या कोणत्या बाजूनं चालायचं, हे तिला प्रत्येकाला विचारावं लागलं.