धावत यायची सवय

मशीन कोकलायला लागलं तशी अंबूबाई साबणाच्या हातांनीच धावत आत आली. नवऱ्याच्या, रखमाजीच्या गळ्यातून सुटलेली नळी छातीवर पडली होती. तिनं ती बसवली आणि मशीन गप्प झालं.

"परत काढलीत व्हय? लाज न्हाई वाटत?"

गळ्याला भोक पाडल्यापासून रखमाजीला बोलता येत नव्हतं, पण डोळ्यांत हसू मावत नव्हतं. सगळं अंग गळाठलेलं, मान आणि उजवा हात तेवढा शाबूत, आणि त्या हाताचे हे उद्योग!

व्हेंटिलेटर घरी आला तेव्हा प्रत्येक आवाजाला अंबूबाईच्या छातीत धस्स व्हायचं. आता कान तयार झाला होता. घाईघाईनं, तुटक वाजलं की कफ साठला. सावकाश, थांबून थांबून वाजलं की लाइट गेली, मशीन बॅटरीवर चाललंय. आणि श्वास न घेता बोंबलत सुटलं की नळी निघाली. हातातलं टाकून आधी धाव. म्हाताऱ्यानं हे बरोबर हेरलं होतं. मुलगा-सून पिंपरीला. वडिवळ्यातल्या त्या घरात दिवसभर पत्र्याकडं बघत पडायचं म्हणजे काय खायचं काम आहे! जीव एकटा पडला की तो नळी ओढायचा.

मागच्या आठवड्यात मात्र ती नळावर होती. असंल खोडी, म्हणत हंडा भरूनच आली. रखमाजीचे ओठ जांभळे पडले होते. त्या दिवसापासून तिचा स्वतःवरचाच भरवसा उडाला.

लोणावळ्याहून मशीन तपासायला आलेल्या निलेशला तिनं सगळं सांगून टाकलं.

"मावशी, जिवाशी खेळ आहे हा. नळीला पट्टा लावतो, ओढली तरी निघणार नाही. आणि आबांच्या हाताशी ही बेल. बटण दाबलं की बाहेर वाजेल."

रखमाजीनं मान हलवली. नको. पुन्हा हलवली.

"अवो, पर एखाद्या दिशी म्या पोचलेच न्हाई तर?" ती निलेशकडं वळली. "लाव बाबा पट्टा."

निलेश गेल्यावर ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली, कान सगळा आत. बेल वाजली नाही. दुपार कलली तरी नाही. तिनं आत डोकावून विचारलं, त्यानं मानेनंच सांगितलं. पाणी नको, कूस बदलायला नको.

"मग वाजवा की येकदा! बघू तरी कशी वाजती."

रखमाजीनं तोंड फिरवलं. बेल वाजली तर ती "आले हां" म्हणणार, हातातलं आवरणार, गुडघ्याला हात देऊन उठणार, मग येणार. हे त्याला ठाऊक होतं आणि तिलाही. त्याच्यासाठी धावणारं एवढंच एक माणूस उरलं होतं, तेही आज चालायला लागलं होतं.

ती पुन्हा ओट्यावर येऊन बसली. घरात मशीनचा श्वास तेवढा चालू होता. तिला एकदम रडू फुटलं. तिनं पदरानं तोंड पुसलं, मांडीवरचे तांदूळ झटकले आणि गुडघे कुरकुरत असताना धावतच आत शिरली.

खाटेशी धापा टाकत ती उभी राहिली. बेल वाजलीच नव्हती.