चिंचेत राहिलेली पुंगळी

मित्रांनो, मी एक जुनी पुंगळी आहे. जुनी म्हणजे वयाने सहाच वर्षांची; पण अकरा बार झालेल्या पुंगळीला म्हातारीच म्हणायचं. काडतूस म्हटलं की तुम्हाला गोळी आठवते. ती पुढे निघून जाते आणि नाव तिचंच होतं. ती गोळी, तिच्यामागची दारू आणि बुडाची, ठिणगी पाडणारी टोपी, हे सगळं धरून बसणारी पितळेची नळी मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. ती नळी म्हणजे मी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. रुपयाएवढी पितळी चकती यंत्राने दाबली, ओढली, तापवली, पुन्हा ओढली, तेव्हा कुठे मला मान आली. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच किडा वळवळतो. माझ्या पोटातून निघालेली गोळी जाते तरी कुठे? बार होतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि शुद्धीवर येते तेव्हा मी आपली चटईवर लोळत असते. गोळी जाताना कधी काही सांगून जात नाही. किती वेळा वाटलं, एकदा तरी मान वळवून बघावं. पण पुंगळीची मान कुठली वळायला.

न्हावऱ्याहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्याला, उसाच्या मळ्यांपलीकडे एक रायफल क्लब आहे. तिथे मी आले ती हर्षदासाठी. हर्षदा सणसवाडीच्या कारखान्यात नोकरी करते आणि शिफ्ट सुटली की दुचाकीवरून थेट सरावाला येते. चटईवर पालथी पडून, रायफलीच्या लाकडाला गाल टेकवून ती नेम धरायची. तो गाल माझ्यापासून वीतभर अंतरावर असायचा. तिच्या श्वासाचा ठेका मला पाठ झाला होता.

वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरायचं काम मल्हारीआप्पांकडे. दौंडला पोलिसांच्या बंदुका दुरुस्त करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती, आणि क्लबात रीतसर परवानगीने ते हे काम बघत. भरण्याआधी पुंगळी स्वच्छ हवी. ते काम क्लबात धुण्यापुसण्याला असलेल्या अनसाबाईचं. कोमट पाणी, रिठे, वर लिंबाचे चार थेंब. त्यात आम्ही न्हायचो, पण चहा उकळेपर्यंतच. त्याहून जास्त नाही, अशी आप्पांची सक्त ताकीद होती. मग उन्हात वाळायचं आणि जुन्या कुलरच्या मोटरवर फिरणाऱ्या डब्यात पडायचं. डब्यात मक्याच्या बुरकुंडांचा, म्हणजे दाणे काढलेल्या कणसांचा, भुगा असे. तासभर गरगर फिरून बाहेर आलं की अंग कसं हलकं वाटायचं! बुरकुंड कुणाच्या रानातलं, मका कुणी खाल्ला, असल्या चौकशा मी मनातल्या मनात करत बसे.

गेल्या वर्षी हर्षदाची निवडचाचणी आली. आम्हा साठजणींच्या अंगावर काळे डाग पडले होते आणि रिठ्याने ते जाईनात. अनसाबाईला ते बघवेना. तिच्या देव्हाऱ्यातले खंडोबाचे टाक ती सणाला चिंच आणि मीठ लावून लखलखीत करते. पोरीच्या पुंगळ्या तशाच लखलखू देत म्हणून तिने शुक्रवारी दुपारी आम्हाला चिंचेच्या कोळात बुडवलं. तेवढ्यात निरोप आला की घरी शेळी अडली आहे. ती तशीच पळाली. शेळीच्या नादात शनिवार-रविवार गेला. आप्पा मोतीबिंदू दाखवायला दौंडला गेलेले. आम्हाला बाहेर काढायला कुणी उरलंच नाही.

पहिल्या दिवशी मजा वाटली. ही आंबट चव कसली, म्हणून मी हौसेने चाखत होते. दुसऱ्या दिवशी अंगातून काहीतरी निघून चाललंय असं वाटू लागलं. काय ते कळेना, पण मी माझी राहिले नव्हते.

सोमवारी अनसाबाईने आम्हाला काढलं, राखेने घासलं, डब्यात फिरवलं. आम्ही अशा चमकलो की विचारू नका. फक्त रंग पिवळा राहिला नव्हता, त्यात तांबूस झाक आली होती. अनसाबाईने मला उलटसुलट करून बघितलं आणि मग आम्हाला ताटात मांडलं.

मंगळवारी आप्पांनी ताट पुढे ओढलं आणि अनसाबाईचं तोंड भरून कौतुक केलं. हर्षदा शेजारी उभी राहून हरखून बघत होती. आप्पांनी पहिली मलाच उचललं. खरं सांगते मित्रांनो, मलाही चमक चढली होती. बाराव्यांदा जायला मिळणार, कदाचित या वेळी गोळीचा पत्ता लागेल, या आशेपुढे अंगातल्या अशक्तपणाकडे मी काणाडोळा केला.

"आप्पा, त्या भरू नका," अनसाबाई म्हणाली.

आप्पांनी विचारलं, काय झालं.

"माझ्या हातनं चूक झालीया. तीन दिस चिचंत राहिल्या त्या. माझा घरचा पितळी तांब्या असाच तांबडा झाला व्हता, आन् मग मानंला चिरला."

आपलं काम जाणार, ही धास्ती तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. आप्पांनी मला उजेडात धरलं, भिंगातून बघितलं. त्यांना तांबूस काही दिसलं नाही. मग त्यांनी पक्कड घेतली आणि माझं तोंड हळूच दाबलं. चांगलं पितळ नुसतं चेपतं; आंबटाने त्यातलं जस्त खाल्लं की ते ठिसूळ होतं. मी टचकन चिरले, मानेपासून पोटापर्यंत. हर्षदाचा हात आपसूक स्वतःच्या गालावर गेला.

मी बंदुकीत अशी फुटले असते, तर माझ्यामागे तोच गाल होता. आजही ते आठवलं की माझी मलाच भीती वाटते.

साठही जणी बाद झाल्या. आप्पा दोन दिवस एकटेच आम्हाला भिंगाखाली धरून बघत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपलं भिंग तिच्या हातात ठेवलं. "मला रंग दिसंना झालाय, हे म्या कुणाला सांगितलं न्हवतं. आता तू बघायचं. तू व्हय म्हनशील तवाच मी भरनार." चूक दोघांची होती, पण बोलली आधी ती.

हर्षदा क्लबातल्या दुसऱ्या जुन्या, डागाळलेल्या पुंगळ्या घेऊन चाचणीला गेली. निवड झाली नाही. परत आली तेव्हा अनसाबाईला मान वर करवेना. हर्षदाने निशाण्याचा कागद खिडकीशी धरला. मधल्या काळ्या वर्तुळात दाटीने भोकं होती, दोन मात्र बाहेर. "दोनच सुटल्या, मावशी. माझा डोळा शाबूत हाय. चाचणी पुढच्या वर्षीबी हाय."

बुडाच्या खाचेला दोरा बांधून आप्पांनी मला आधीच त्याच खिडकीत टांगलं होतं; आजही मी तिथेच आहे. त्या कागदाच्या भोकांतून ऊन आत आलं तेव्हा मी ते पाहिलं. गोळी कुठे जाते, ते मला कळलं, तेही बारावा बार न होता. अनसाबाई रोज पाण्यात हात घालण्याआधी माझी चीर बघते आणि वेळ मोजायला चुलीवर चहा ठेवते.

मित्रांनो, वस्तू घासूनपुसून लख्ख ठेवा, पण तिच्या रंगाकडेही बघा. आणि आपल्या हातून काही बिघडलं असेल तर वेळेवर सांगा. त्या मंगळवारी माझ्या अंगात काहीतरी बिघडलंय हे मला ठाऊक होतं, पण मला तोंड असून बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.