वापरलेल्या टॅबला हळदकुंकू लावावं का?

सीताराम तावडे डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात खरेदी खात्यात होते आणि हे खातं ते रोज संध्याकाळी डब्याबरोबर घरीही घेऊन येत. तीन कोटेशनांशिवाय त्यांच्या घरात कुकरची शिट्टीदेखील आली नव्हती. लग्नाच्या वेळीही त्यांनी तीन मुली बघितल्या होत्या, असं त्यांचा मेहुणा चारचौघांत सांगायचा. यावर हेमांगी एवढंच म्हणायची, "मी चार मुलगे बघितले होते."

तर या हेमांगीला टॅब हवा होता, आणि तोही रविवारच्या आत.

झालं होतं असं, की तिच्या उकडीच्या मोदकांची कीर्ती गणपतीच्या दिवसांत पार ठाण्यापर्यंत जायची, ती या वर्षी कॅनडात पोचली. टोरांटोतल्या भाचीने, समृद्धीने, तिथल्या दहाबारा मराठी बायका गोळा केल्या आणि मावशीचा ऑनलाइन वर्ग ठरवून टाकला. रविवारी संध्याकाळी सात वाजता, म्हणजे तिकडे सकाळी. लोकांना मोदक करून घालण्यात हेमांगीची पंचवीस वर्षं गेली होती. 'शिकव' असं मात्र आजवर कोणी म्हटलं नव्हतं. समृद्धीचा फोन आल्यापासून ती घरात गुणगुणत होती. तालीम म्हणून तिने मोबाइलवर एकदा सगळ्यांना बघितलं, तर प्रत्येक बाई पोस्टाच्या तिकिटाएवढी.

"मला त्यांची बोटं दिसली पाहिजेत हो," ती म्हणाली. "पारीला कळी कशी पाडतात, ते बोटं बघितल्याशिवाय शिकवता येतं का? ही संधी गेली तर परत कोण विचारणार मला?"

तावड्यांनी तीन कोटेशनं काढली. नवा टॅब महाग निघाला. नवा पण स्वस्त टॅब नावालाच टॅब निघाला. तिसरं कोटेशन कल्याणला हितेशभाईंच्या गाळ्यातलं होतं. मोठ्या कंपनीचा, रीफर्बिश्ड, नव्याच्या तिसऱ्या हिश्शात.

"अमेरिकेतला माल आहे, तावडेसाहेब," हितेशभाईंनी काच बाहीने पुसत सांगितलं. "तिकडे कंपनीवाले ऑफिसरला देतात. ऑफिसर एसीमध्ये बसून दोन वर्षं वापरतो, मग सगळा लॉट इकडे. धूळ म्हणून लागलेली नाही. सूंघ के देखो."

तावड्यांनी खरोखर वास घेतला. त्यांना अमेरिकेचा वास आला.

घरी आल्यावर त्यांनी भाषण केलं. नवी वस्तू म्हणजे दुकानाबाहेर पाऊल टाकताच निम्मी किंमत पाण्यात. शहाणा माणूस दुसऱ्याला ते पाऊल टाकू देतो आणि मागून जातो, वगैरे. हेमांगीने शांतपणे ऐकलं आणि ताम्हन, हळदकुंकू आणि अक्षता घेऊन आली.

"हे काय?"

"घरात नवीन वस्तू आली की पूजा नको?"

"अगं, नवीन कुठाय? वापरलेला आहे."

"मग आधीच्यांनी केली असेल?"

"अमेरिकन ऑफिसर काय नारळ फोडणार आहे?"

"बघा! म्हणजे दोन वर्षं तसाच वापरला. मग तर हवीच."

तावड्यांनी वॉरंटीचं कार्ड काढून मोठ्याने वाचलं. कुठल्याही भोकात पावडर गेली तर वॉरंटी बाद, असा त्याचा अर्थ होतो, असं त्यांनी ठरवलं. टॅब कपाटावर गेला. हेमांगी ताम्हन घेऊन परत फिरली, पण जाता जाता म्हणाली, "काही झालं तर मला सांगू नका."

टॅब कपाटावरून खाली आला तो शनिवारी संध्याकाळी. तोवर त्याला चार्ज करायचं नाही, त्याने बॅटरीचं आयुष्य वाढतं, हा तावड्यांचा सिद्धांत होता. आता त्यांनी पिन लावली. काही झालं नाही. पिन उलटी लावली. दुसऱ्या खोलीतल्या प्लगात लावली, शेजारच्या नंदाताईंचा चार्जर आणला, टॅबला पाठीवर थोपटलं. टॅब सव्वीस टक्क्यांवर होता आणि तिथून हलायची त्याची इच्छा दिसत नव्हती.

हेमांगी दारात उभी होती. तिने सांगू नका म्हटलं होतं, त्यामुळे तावड्यांनाही काही सांगता येईना.

रविवारी सकाळी दोघं गाळ्यावर पोचली तेव्हा हितेशभाई शटर वर करत होते.

"होत नाही? कसा नाही होणार?" त्यांनी पिन लावली, सफाईने जराशी तिरकी दाबली, आणि टॅबवर हिरवी बॅटरी उगवली. "हे बघा. तुमचा हात बसलेला नाही अजून."

"हितेशभाई," हेमांगी म्हणाली, "संध्याकाळी सातला माझ्यासमोर बारा बायका ताटात उकड घेऊन बसणार आहेत. हात बसवायला वेळ नाही. आत काय अडकलंय ते बघा."

आवाज चढला नव्हता, पण हितेशभाईंनी मुकाट्याने दिवा ओढला, डोळ्याला भिंग लावलं आणि बारीक चिमट्याने चार्जिंगच्या खाचेत कोरायला सुरुवात केली. आधी लालसर भुकटी निघाली. मग पिवळी. मग चिमट्याच्या टोकाला धरून त्यांनी एक तांदळाचा दाणा बाहेर काढला आणि काउंटरवर ठेवला. दाण्याला कुंकू लागलेलं होतं.

तिघंही त्या दाण्याकडे बघत राहिली.

तावड्यांनी खरेदी खात्यात भेसळ पकडताना वापरायचा आवाज लावला. "अमेरिकन ऑफिसर?"

हितेशभाईंनी भिंग खाली ठेवलं. "साहेब, अमेरिकेत पण आपली माणसं आहेत ना."

तावडे आता पैसे परत, ग्राहक मंच, एमआयडीसीतला एक वकील मित्र या क्रमाने पुढे सरकणार, एवढ्यात त्यांना शेजारून हसू ऐकू आलं. हेमांगीने दाणा तळहातावर घेतला होता आणि तिचा चेहरा उजळला होता.

"अहो, बघा तरी. अख्खा दाणा आहे! जिरेसाळ. कणी नाही वापरली. व्यवस्थित निवडून घेतलेल्या अक्षता आहेत." तिने टॅब छातीशी धरला. "चांगल्या घरातला आहे हो."

"अगं, आपल्याला फसवलंय. अमेरिका म्हणून सांगून..."

"अमेरिकेचं काय घेऊन बसलात? पूजा झालेली आहे त्याची. मला एवढंच बघायचं होतं."

आता भांडायचं कुणासाठी, असा तावड्यांना प्रश्न पडला. हितेशभाईंनी संधी साधून दुसरी बातमी दिली. दाण्याने आतली खाच थोडी फाकली होती; पिन लागेल, पण जरा दाबून धरावी लागेल. नवा भाग मंगळवारी येणार. फुकट बसवून देणार, आईची शपथ.

मंगळवारपर्यंत कॅनडातल्या बायका थांबणार नव्हत्या.

दुपारभर तावड्यांनी उपाय केले. रबर बँड लावला. कपड्यांचा चिमटा लावला. मोदकपात्राचं झाकण वजन म्हणून ठेवलं. हात काढला की हिरवी बॅटरी मावळायची, आणि उरलेलं चार्जिंग वर्गभर पुरणारं नव्हतं. शेवटी पावणेसातला ते पाट घेऊन ओट्याखाली बसले, हात वर करून पिन तिरकी धरली आणि डोळे मिटून घेतले.

सातला पडद्यावर बारा बायका उगवल्या. प्रत्येक बाई चांगली पोस्टकार्डाएवढी होती, बोटांसकट. पहिली दोन मिनिटं हेमांगीचा आवाज कापला. मग तिने उकडीचा गोळा तुपाच्या हाताने मळायला घेतला आणि आवाज आपोआप जागेवर आला.

"अंगठा आत, दोन बोटं बाहेर. चिमटा काढायचा, ओरबाडायचं नाही. अगं निळ्या ड्रेसवाली, तू सोनल ना? ती कळी आहे, साडीची निरी नाही. बारीक घे. हां! बघा गं, सोनलची बघा!"

तिकडे हशा पिकला. कोणाची पारी फाटली, कोणाचं सारण बाहेर आलं, एकीचा मोदक सरळ कचोरी झाला आणि हेमांगीने त्याचंही कौतुक केलं. ओट्याखाली तावड्यांचा उजवा हात आधी दुखला, मग बधिर झाला, आणि मग त्यांना तो कोणा परक्याचा वाटू लागला. पण टॅब चालू होता. वरून येणारा बायकोचा आवाज त्यांनी असा कधी ऐकला नव्हता. घरात तिला एक वाक्य पुरं करायला आपण कितीदा दिलं, असा विचार त्यांच्या मनात आला. हाताचं दुखणं आधीच पुरेसं होतं, म्हणून त्यांनी तो विचार लांबवला नाही.

तेवढ्यात कॅमेरा हलला.

"मावशी," समृद्धी ओरडली, "तो हात कोणाचा?"

"तुझ्या काकांचा," हेमांगी कळ्या पाडता पाडता म्हणाली. "चार्जिंगला बसलेत."

बारा खिडक्यांमधून एकदम गलका झाला. काकांना दाखवा, काका बाहेर या! काका बाहेर येऊ शकत नव्हते, त्यामुळे हेमांगीने टॅबच खाली वाकवला. तावड्यांनी डाव्या हाताने नमस्कार केला.

सोनलने विचारलं, "काकू, हा रीफर्बिश्ड आहे ना? मला आईला घेऊन द्यायचाय डोंबिवलीत. घ्यावा का असा? वर्थ आहे का?"

तावड्यांनी घसा साफ केला. त्यांच्याकडे तिन्ही कोटेशनांचा तुलनात्मक तक्ता तोंडपाठ होता. पण प्रश्न त्यांना विचारलेला नव्हता, म्हणून त्यांनी वर बघितलं.

हेमांगीने विचार केला. "घे की. फक्त घेताना चार्जिंगची पिन स्वतः लावून बघ, दुकानदाराला लावू देऊ नकोस. आणि बाबा घरी असतात ना?"

"असतात. रिटायर झालेत."

"मग काही अडचण नाही."

पात्रातून पहिला घाणा उतरला. वाफेने टॅबची काच धुरकटली, ती हेमांगीने पदराने पुसली. सगळ्यात चांगला, उभ्या नाकाचा मोदक तिने उचलला, फोडला, त्यावर तूप सोडलं आणि ओट्याखाली वाकली.

"घ्या."

तावड्यांचा उजवा हात पिनेला होता. डावा मोकळा होता, पण तोंडात मोदक घालायचा तर डावा हात त्यांच्या आईने चालू दिला नसता.

"अगं, कसा खाऊ?"

"तोंड उघडा."

"त्या बघतायत सगळ्या."

"बघू देत. तोंड उघडा, तूप गळतंय."

कॅनडातून टाळ्या सुरू झाल्या. तावड्यांनी तोंड उघडलं.