सौम्य म्हणे!

सकाळचे साडेनऊ. मधल्या खोलीतला पलंग. त्यावर चार महिन्यांची मुलगी, गालांवर आणि मानेच्या घडीत लाल चट्टे, मुठी तोंडावर घासत रडणारी. भोवती आई, आजी आणि आत्या. उशाशी मी.

मी बेबी लोशनची बाटली बोलतेय. गुलाबी झाकण, माझ्या पोटावर एका झोपलेल्या बाळाचं चित्र, त्याखाली ठळक अक्षरांत ‘सौम्य’. त्या सकाळी घरात सगळ्यांवर संशय घेतला गेला, मला सोडून.

“तू काय खाल्लंस काल?” आजीनं सुनेला विचारलं.

“तुम्ही वाढलंत तेच.”

“मग तुझ्या दुधातच दोष असणार. पाजणं बंद कर. वरचं दूध सुरू करू.”

कुणी न शिकवता आईला जमलेलं या घरातलं ते एकच काम होतं. आता तेही काढून घ्यायला निघाले होते.

आत्या तोवर माझं झाकण उघडत होती. “आधी हे लाव गं वहिनी. भरपूर लाव. सौम्य आहे.”

आणि जिथं माझ्यामुळे आग होत होती, तिथंच मला पुन्हा थापलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय!

माझा जन्म ऐका. पत्र्याच्या शेडखाली एक मोठं पिंप. त्यातलं पांढरं लोशन मोठ्या माणसांच्या निळ्या बाटल्यांत जायचं, तेच माझ्यात यायचं. फरक झाकणाचा, चित्राचा आणि वासाचा. वास माझ्यात जास्त.

“लहान मुलांच्या मालात सुगंध वाढवा,” विक्रीवाल्या साहेबांनी सुपरवायझरला बजावलं होतं. “लोक दुकानात झाकण उघडून हुंगतात. वास आला नाही तर बाटली परत फळीवर.”

“साहेब, तान्ह्या पोराला झोंबेल.”

“पोर थोडंच येतंय विकत घ्यायला!”

सगळे खदखदून हसले. मला दात असते तर मी चावले असते.

आत्यानं मला तसंच निवडलं. माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत घटक छापलेत, ती बाजू तिनं फिरवलीच नाही. हुंगलं, डोळे मिटले. “अगदी बाळासारखा वास!” अहो, घरात जितंजागतं बाळ आहे, त्याला हुंगा की! पण तिची माया खरी होती. म्हणून तर राग जास्त येतो. त्या मायेचाच धंदा मांडलाय.

दुपारी चट्ट्यांतून पाणी सुटलं. तेव्हा आईनं कुणाला विचारलं नाही. पोरीला दुपट्यात गुंडाळलं, वाटेत लावायला म्हणून मला पिशवीत कोंबलं आणि त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

“अंगाला नवीन काय लावलं?”

“काहीच नाही.”

मी म्हणजे काहीच नाही! एका छापील शब्दाची ही करामत. तेवढ्यात पोरगी कळवळली आणि आईनं सवयीनं मला बाहेर काढलं.

“थांबा! हे काय?”

“हे? हे तर सौम्य आहे.”

“कोण म्हणतं?”

“बाटलीच म्हणते.”

मी कुठं म्हणते! माझ्या पोटावर छापलंय, मला कुणी विचारलं होतं?

डॉक्टरीणबाईंनी माझी पाठ वाचली, झाकण उघडलं आणि नाक मुरडलं. “एवढा सुगंध तान्ह्या कातडीला कशाला? हे आजपासून बंद. कोमट पाण्यानं हलकं पुसा, मी देते ते मलम लावा. पुढं काही घेतलंच तर बिनवासाचं, कमीत कमी घटकांचं. तेही आधी दंडावर ठिपकाभर लावून एक-दोन दिवस बघा.”

“आणि... माझं दूध?”

“दुधानं काय केलंय? पाजा की खुशाल!”

आई तिथंच, खुर्चीत बसून रडली. मग पदर सावरून तिनं पोरीला जवळ घेतलं.

चट्टे हळूहळू मावळले. आजीनं चूक कबूल केली नाही. सून पाजायला बसली की तिच्या पाठीशी उशी सरकवते आणि दुसरीकडे बघते, एवढंच.

आईनं मात्र मला फेकलं नाही. झाकणाला चिकटपट्टी लावून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलंय. त्याआधी माझ्या पाठीवरचा क्रमांक फिरवून तिनं कंपनीला जाब विचारला.

“मॅडम, आमचं उत्पादन तपासलेलं आहे,” पलीकडून गोड आवाज.

“कुणाच्या अंगावर?”

“तपासलेलं आहे, मॅडम.”

“तान्ह्या बाळांच्या की मोठ्या माणसांच्या? सरळ सांगा.”

“आमचे वरिष्ठ तुम्हाला फोन करतील.”

आईबापांनो, दुकानात माझ्या बहिणींना हुंगू नका. त्यांची पाठ फिरवून वाचा, आणि हाच प्रश्न तुम्हीही विचारा. मोठमोठ्यानं विचारा. कारण तिकडं पिंप रोज भरतंय, बाटल्या रोज निघताहेत, आणि वरिष्ठांचा फोन अजून आलेला नाही.