तोरणाखालची झडती

१९५३ सालचा पोळा. मालगुजारी जाऊन दोन वर्षं झाली होती आणि वडनेरात नवा सरपंच बसला होता. त्या एका संध्याकाळपायी गावाने तीन नावाजलेली माणसं गमावली. पोळ्याला झडत्या, म्हणजे टवाळ यमकं, सांगणारा पुनाजी, पैलवान चंद्रभान आणि सरपंच अण्णाजी. तिघेही चाळिशी ओलांडलेले, पन्नाशी कुणी पाहिली नाही. रुखमासाठी त्यातला एक नवरा होता आणि एक पाठचा भाऊ.

पुनाजीच्या झडत्या ऐकायला हिंगणघाटाहून माणसं येत. बैल तोरणाखाली उभे राहिले की तो गावात कुणाचीही टर उडवायचा, आणि ज्याची उडवली त्यालाही सगळ्यांबरोबर हसून ‘हर हर महादेव’ म्हणावं लागायचं. चंद्रभानने चांद्यापर्यंत कुस्त्या मारल्या होत्या. त्याचं दूध-बदाम महादेवराव मालगुजारांच्या घरून यायचं. आणि गावातली शाळा अण्णाजीने भांडून आणली होती, हे त्याचे वैरीही कबूल करत.

तोरण तुटलं की त्याखालून पहिली जोडी मालगुजारांची निघायची, हा जुना मान. त्या वर्षी अण्णाजी म्हणाला, मालगुजारी गेली तसा मानही गेला. पहिली जोडी सरपंचाची लागेल.

सकाळी चंद्रभान बहिणीकडे पुरणपोळी खायला आला. जेवण नीट गेलं नाही त्याला.

“बाई, आज भाऊजीले घरीच ठेवजो.”

“काऊन रे?”

“माह्या बंडीत कुटाराखाली काय हाय, पाह्य जाऊन.”

रुखमाने बैलबंडीतला भुसा सारून पाहिलं. बंडीच्या कडेला खोचायच्या उभाऱ्या होत्या, मनगटाएवढ्या जाड, टोकं ताजी तासलेली. ती धावतच घरात आली. पुनाजी मात्र बोटांवरचं तूप चाटत बसला होता.

“पैलवान, बदाम खाल्ले तं डोकं चालते म्हनतात. तुह्ये कुठी गेले?”

“मस्करी नका करू, भाऊजी. तोरण तुटलं का आज कोनी कोनाचं नाई. तिकडूनही कुऱ्हाडी घासून राह्यले.”

“मंग तोरण तुटूच नाई देत,” पुनाजी म्हणाला.

रुखमाला त्याचा बेत कळला. झडती चालू असेतो डफडं वाजत नाही, आणि डफडं वाजल्याशिवाय तोरण तोडायचं नाही. हा नियम मोडायची हिंमत मालगुजारांनाही नव्हती. पण आषाढापासून पुनाजीला खोकला होता.

दिवस कलला तशी गावाच्या कडेच्या आखरावर सगळे बैल जमले. दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण. उजवीकडे महादेवरावांची जोडी, शिंगांना पितळेच्या टोकदार शेंब्या. डावीकडे अण्णाजीची, पाठीवर मखमली झूल. दोन्हींच्या मागे माणसं, आणि प्रत्येकाचा एक हात पाठीमागे. बाया मारुतीच्या पारावर होत्या, रुखमा सगळ्यांत पुढे.

पुनाजी मधोमध उभा राहिला.

“मालगुजाराच्या बैलाच्या शिंगाले पितळ,
सरपंचाच्या बैलाच्या पाठीले मखमल,
दोघायच्या पोटात एकच कुटार,
मालकायनं कायले काढली तलवार?”

“हर हर महादेव!” माणसं हसली. तो थांबला नाही. महादेवरावांच्या मिशा घेतल्या, अण्णाजीची नवी टोपी घेतली, चंद्रभानचं पोट घेतलं. एकदा तर अण्णाजीच इतका हसला, की त्याने पाठीमागचा हात पुढे आणून डोळे पुसले. त्या हातात काही नव्हतं. रुखमाच्या जिवात जीव आला.

मग पुनाजीला उबळ आली. त्याने तोंडावर पंचा धरला, पुन्हा तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. नुसता श्वास बाहेर आला. डफडेवाल्याने टिपरू उचललं.

रुखमा पारावरून उतरली. बाईमाणूस तोरणाखाली कधी गेलं नव्हतं. ती गेली.

“एका खांद्यावर भाऊ, एका खांद्यावर धनी,
जू माह्या मानेवर, पाह्यलं का कोनी?”

बाईच्या झडतीला कुणी ‘महादेव’ म्हटलं नाही. कुणी हसलंही नाही. ती दोन्हीकडे पाहत राहिली. चंद्रभानचे ओठ हलले, पण त्याने आधी मालकाकडे पाहिलं.

डफडं वाजलं.

तोरण तुटलं. दोन्ही जोड्या एकदम घुसल्या. अण्णाजीने महादेवरावांच्या बैलाची वेसण धरली. चंद्रभानने अण्णाजीवर उभारी उगारली, आणि मुका झालेला पुनाजी हात पसरून मध्ये आला. उभारी त्याच्या कानशिलावर बसली. नारळ फुटावा तसा आवाज झाला. बैल बिथरला, मान खाली घातली आणि पितळेची शेंबी अण्णाजीच्या पोटात गेली. बैलाने त्याला उचलून खांबावर आपटलं.

रुखमाने पुनाजीचं डोकं मांडीवर घेतलं. बोटांना हाडाच्या कपच्या लागल्या. डोळे उघडे होते, पण त्यात तो नव्हता.

चंद्रभानने उभारी टाकून दिली. गुडघ्यांवर बसला. अण्णाजीची माणसं त्याच्यावर तुटून पडली. काठ्या, बैलांना टोचायच्या तुताऱ्या, कुऱ्हाडीचे दांडे. चार-चार जणांना अंगावरून फेकणाऱ्या त्या माणसाने हातसुद्धा वर केला नाही.

“बाई!” तो एकदाच ओरडला.

रुखमाने मांडीवरचं डोकं मातीत ठेवलं आणि धावत जाऊन ती भावाच्या अंगावर आडवी पडली. तुतारीची आर तिच्या पाठीत रुतली, एक काठी खांद्यावर बसली. “मारा! मलेही मारा!” ती किंचाळत होती. तेव्हा हात थांबले.

पुनाजी आणि अण्णाजी तिथेच गेले होते. चंद्रभानला बंडीत घालून वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. तो शुद्धीवर आलाच नाही, दोन दिवसांनी गेला. महादेवराव खटल्यातून पुराव्याअभावी सुटले, शेती विकून नागपूरला गेले आणि म्हातारे होऊन अंथरुणात मेले. तो बैल कोणी विकत घेईना. अण्णाजीची बायको देवकाबाई दहा वर्षांनी सरपंच झाली, आणि पहिल्या जोडीचा मान तिने चिठ्ठी टाकून ठरवायला लावला.

नवऱ्याचं मढं टाकून खुन्याला कवटाळणारी म्हणून सासरच्यांनी रुखमाला दिवसकार्यालाही उभं केलं नाही. ती लेकीकडे पिपरी मेघेला गेली, कपाशी वेचली, नातवंडं वाढवली. खांदा वाकडा जुळला होता, डोक्यावर ओझं घेता येईना.

कित्येक वर्षांनी, तान्ह्या पोळ्याला, गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन तिच्या दारात आली. “आजी, झडती सांग ना!” कुणीतरी हट्ट धरला. ती उंबऱ्यावर बसली. मग तिने तोरणाखालची ती दोन ओळींची झडती सांगितली.

पोरांना त्यातलं काही कळलं नाही.

“हर हर महादेव!” सगळी पोरं ओरडली आणि खाऊसाठी हात पुढे केले.